पैसा वर, काम खाली

आठवी-नववीच्या वर्गात एकदा तीन साधे प्रश्न विचारून पाहावेत. गावातल्या चौकातला दिवा जळतो, त्याचे वीजबिल कोण भरते? पाण्याच्या टाकीत टाकायची ब्लीचिंग पावडर कोणाच्या पैशाने येते? आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींचा पगार कोण देते? तिन्हींचे उत्तर बहुधा एकच येईल : सरकार. हे उत्तर चूक नाही, पण पुरेसेही नाही. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, राज्य आणि केंद्र ही चार निरनिराळी खाती आहेत. पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात उतरतो तेव्हा त्याच्याबरोबर एखादा नियमही उतरतो. गावाला रक्कम किती मिळाली याची चर्चा नेहमी होते. ती कोणत्या नियमाने मिळाली, याची फारशी होत नाही. आम्ही प्रयोगशाळेत काम करणारी माणसे, अर्थशास्त्र हा आमचा विषय नव्हे. तरीही एखादी गोष्ट सूत्राने वाटली जाते म्हटले, की त्या सूत्रातल्या प्रत्येक घटकाचा भार किती आणि तो बदलला तर उत्तर किती बदलते, हे पाहण्याचा मोह आम्हांला आवरत नाही.

प्रथम हे पाहू, की पैसा वरून खाली यावाच का लागतो? गावाने आपला खर्च आपल्याच करातून का भागवू नये?

काही गोष्टींवरचा कर चुकवून पळता येते, काहींवरचा नाही. घर आणि जमीन जागची हलत नाहीत, म्हणून घरपट्टी गाव वसूल करू शकते. पण समजा, एका तालुक्याने उत्पन्नावर कर बसवला. व्यापारी आपली पेढी शेजारच्या तालुक्यात नेईल. मालाच्या विक्रीचेही तसेच. म्हणून प्राप्तिकर, सीमाशुल्क, वस्तू व सेवा कर असे मोठे कर साऱ्या देशाचा विचार करून वरच्या पातळीवर गोळा करणेच सोयीचे ठरते. गटार तुंबले तर ते मात्र दिल्लीहून साफ होत नाही. त्यासाठी गावातलाच माणूस लागतो आणि कोणते गटार आधी साफ करायचे हेही गावालाच कळते. अशा रीतीने पैसा वर साठतो आणि काम खाली पडून राहते. जगातल्या बहुतेक सर्व देशांत ही दरी आहे आणि ती अनुदानाने भरून काढावी लागते.

दुसरी दरी गावागावांतली. एखाद्या गावाच्या हद्दीत औद्योगिक वसाहत असते, तिथल्या कारखान्यांच्या इमारतींवरचा करच गावाला पुरून उरतो. जव्हार किंवा धडगावकडच्या पाड्यांवर कुडाची घरे. त्यांच्यावर कर बसवून किती मिळणार? दोन्हीकडच्या मुलांना पिण्याचे स्वच्छ पाणी सारखेच लागते. तेव्हा ज्याच्याकडे कमी आहे त्याला अधिक, असे काहीतरी कोणीतरी वरून केल्याशिवाय हे जुळत नाही.

ही व्यवस्था आपल्याकडे नवी नाही. मुंबई इलाख्यात १८६० नंतरच्या दशकात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा असा जादा उपकर सुरू झाला आणि १८६९ च्या लोकल फंड कायद्याने त्याला पक्के रूप आले. त्याचा साधारण एक तृतीयांश भाग शाळांकडे आणि उरलेला रस्ते वगैरे कामांकडे जाई. आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी असलेले ‘लोकल फंड’, ‘लोकल बोर्डाची शाळा’ हे शब्द तिथले. म्हणजे खेड्यातली शाळा बऱ्याच अंशी शेतकऱ्याच्याच आण्यावर चाले. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी जे निवेदन केले त्यातला एक मुख्य मुद्दा हाच होता, की सरकारचा महसूल रयतेच्या कष्टातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो. पैसा कोठून येतो आणि कोठे जातो, हे एकाच कागदावर मांडून पाहिल्याखेरीज असा प्रश्न सुचत नाही.

त्याच शतकातले आणखी एक उदाहरण इंग्लंडमधले आहे. १८३३ साली ब्रिटिश पार्लमेंटने शाळांच्या इमारतींसाठी २०,००० पौंड मंजूर केले. अट अशी, की निम्मा खर्च स्थानिक लोकांनी वर्गणीतून उभारावा. ‘जितके तुम्ही, तितके आम्ही’ या जातीचे हे अनुदान. ऐकायला न्याय्य वाटते, लोकांचा सहभागही दिसतो. पण जिथे लोक वर्गणी देऊ शकत होते तिथे पैसा गेला आणि जिथे शाळेची खरी निकड होती अशा गरीब वस्त्या कोरड्या राहिल्या. आपल्याकडे पाणीयोजनांसाठी १० टक्के लोकवर्गणीची अट आली तेव्हा हाच धोका होता. जलजीवन मिशनमध्ये डोंगराळ व वनक्षेत्रातल्या आणि अनुसूचित जाती-जमातींचे प्राबल्य असलेल्या गावांसाठी ही वर्गणी ५ टक्के ठेवली, ती त्यामुळेच. एका आकड्याने अट मोडत नाही, आणि अन्याय मात्र कमी होतो.

आता आजच्या व्यवस्थेकडे वळू. १९९२ च्या डिसेंबरात संसदेने ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती संमत केली. पंचायतींविषयीची ७३ वी दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली. अकराव्या परिशिष्टात पंचायतींकडे सोपवता येतील असे २९ विषय दिले : पिण्याचे पाणी, प्राथमिक शिक्षण, आरोग्य, रस्ते, दिवाबत्ती इत्यादी. कामांची यादी लांब झाली, पण कर बसवण्याचे अधिकार किती द्यायचे हे राज्यांच्या मर्जीवर राहिले. ही उणीव भरून काढण्यासाठी घटनेने दोन व्यवस्था केल्या. प्रत्येक राज्याने दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमावा, ही पहिली. दुसरी अशी, की केंद्रीय वित्त आयोगाने पंचायती आणि नगरपालिकांच्या मदतीसाठी राज्यांना काय द्यावे, तेही सांगावे. घटनेच्या कलम २८० मध्ये तशी भर घातली गेली.

त्याप्रमाणे दहाव्या वित्त आयोगाने पंचायतींसाठी ग्रामीण लोकसंख्येच्या माणशी १०० रुपये सुचवले. लोकसंख्या १९७१ ची धरलेली. एकूण रक्कम सुमारे ४,३८१ कोटी. अकराव्या आयोगाने पंचायती व नगरपालिका मिळून पाच वर्षांसाठी १०,००० कोटी, बाराव्याने २५,००० कोटी, आणि चौदाव्याने २,८७,४३६ कोटी सुचवले. पंधराव्या आयोगाचा २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठीचा आकडा ४,३६,३६१ कोटी होता. त्यात आरोग्यासाठीचा भागही आला. या काळात रुपयाची किंमत उतरली हे लक्षात घेतले तरी वाढ मोठीच आहे.

ही रक्कम वाटायची कशी? चौदाव्या आणि पंधराव्या आयोगाचे सूत्र सोपे आहे. ९० टक्के भार लोकसंख्येला, १० टक्के क्षेत्रफळाला. राज्याराज्यांत वाटणी याच सूत्राने झाली, आणि राज्याच्या आत राज्य वित्त आयोगाची शिफारस नसेल तर गावागावांतही हेच सूत्र लावावे असे सांगितले गेले. हे गणित वर्गात फळ्यावर करण्यासारखे आहे.

समजा, दोनच गावे आहेत आणि वाटायला १० लाख रुपये आहेत. पहिले गाव ३,००० वस्तीचे, १० चौरस किलोमीटरचे. दुसरे १,००० वस्तीचे, पण सात पाड्यांत विखुरलेले, ३० चौरस किलोमीटरचे. ९ लाख लोकसंख्येवर वाटले तर पहिल्याला ६ लाख ७५ हजार आणि दुसऱ्याला २ लाख २५ हजार येतात. उरलेला १ लाख क्षेत्रफळावर वाटला तर २५ हजार आणि ७५ हजार. एकूण ७ लाख आणि ३ लाख. माणशी काढले तर पहिल्या गावाला २३३ रुपये, दुसऱ्याला ३०० रुपये.

आता सूत्र बदलून पाहा. सगळा भार लोकसंख्येवर टाकला, तर दोघांनाही माणशी २५० रुपये. दोन्ही घटकांना निम्मा-निम्मा भार दिला, तर दोन्ही गावांना पाच-पाच लाख, म्हणजे माणशी १६७ आणि ५०० रुपये. यांतले न्याय्य कोणते? पहिल्या गावात एका नळवाहिनीवर शंभर घरे जोडली जातात. दुसऱ्यात तेवढ्याच लांबीच्या नळावर पाच-दहा. दिव्याचे खांब, रस्ता, आरोग्यसेविकेची पायपीट या सर्वांना हाच न्याय लागू आहे. उलट, शाळेतली बाके आणि लसीच्या मात्रा डोक्यांप्रमाणेच लागतात. त्यामुळे ‘बरोबर’ सूत्र असे एकच नाही, कोणत्या सेवेसाठी पैसा आहे त्यावर ते अवलंबून आहे. आमच्या मते डोंगराळ आणि विखुरलेल्या वस्त्यांना १० टक्क्यांचा भार अपुरा पडतो. मुलांनी याच्या उलट बाजू मांडली तरी आम्हांला आवडेल, मात्र आकडे मांडून.

लोकसंख्या कोणत्या साली मोजलेली, हेही सूत्रात दडलेले असते. पंधराव्या आयोगाला २०११ च्या जनगणनेवर विसंबावे लागले, २०२१ ची जनगणना तर झालीच नाही आणि पुढची २०२७ साठी जाहीर झाली. शहराच्या कडेचे एखादे गाव मधल्या काळात तिप्पट झाले असेल. कचरा तिप्पट, पाणी तिप्पट, अनुदान मात्र २०११ च्या डोक्यांवर. जुन्या मोजपट्टीने नवे कापड मोजल्यासारखे हे झाले.

पैसा हाती आला तरी तो हवा तसा वापरता येत नाही. पंधराव्या आयोगाच्या अनुदानात २०२१ नंतर ६० टक्के भाग ‘बंधित’ होता : निम्मा स्वच्छतेसाठी, निम्मा पिण्याचे पाणी आणि जलसंधारण यांसाठी. उरलेला ४० टक्के ‘अबंधित’, म्हणजे ग्रामसभेने ठरवावा. पगार आणि आस्थापनेवर मात्र तोही खर्च करायचा नाही.

एक ढोबळ हिशेब करू. ग्रामीण भागासाठी पाच वर्षांत २,३६,८०५ कोटी, म्हणजे वर्षाला सुमारे ४७,३६० कोटी. २०११ ची ग्रामीण लोकसंख्या ८३ कोटींच्या थोडी वर. भागाकार केला की माणशी वर्षाला ५७० रुपयांच्या आसपास येतात. महाराष्ट्राने यातला ८० टक्के वाटा ग्रामपंचायतींना आणि १०-१० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला ठेवला. ग्रामपंचायतीकडे उरले साधारण ४५५. त्यातला अबंधित भाग १८२ रुपये. वर्षाच्या ३६५ दिवसांनी भागा : माणशी दिवसाला पन्नास पैसे! महाराष्ट्राचा नेमका आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण अंदाज बदलणार नाही. गावाने आपल्या मनाने ठरवायचे क्षेत्र केंद्राच्या या पैशापुरते एवढेच आहे.

बंधन घालणाऱ्यांची बाजूही दुबळी नाही. मोकळा पैसा मिळाला की पुष्कळ ठिकाणी आधी प्रवेशद्वाराची कमान उभी राहते, मग पेव्हर ब्लॉक येतात, आणि सांडपाण्याचे गटार तसेच वाहत राहते, कारण कमान दिसते आणि जमिनीखालचा नळ दिसत नाही. पण ज्या गावाने पाण्याचे काम आधीच नीट केले आहे, त्यालाही पैसा पाण्यावरच खर्चावा लागतो आणि शाळेचे छप्पर गळतच राहते. दिल्लीत बसून सगळ्या गावांची एकच गरज धरली, की असे व्हायचेच. केरळने १९९६ साली लोकनियोजन मोहीम सुरू केली तेव्हा राज्याच्या योजना-खर्चातला ३५ ते ४० टक्के भाग स्थानिक संस्थांकडे सोपवला. बंधने अगदीच नव्हती असे नाही, पण गावसभांतून आराखडे तयार करून घेण्यावर मोठी मेहनत घेतली गेली. मोकळा पैसा आणि तो वापरण्याची तयारी या दोन्ही गोष्टी तिथे बरोबर आल्या.

जिल्हा परिषदेचे चित्र निराळे आहे. तिच्या अंदाजपत्रकातले आकडे मोठे दिसतात, पण त्यांतला फार मोठा भाग शिक्षकांच्या पगाराचा. तो राज्याच्या तिजोरीतून येतो आणि शिक्षकांच्या खात्यात जातो. वेतनश्रेणी राज्य ठरवते, पदे किती हे संचमान्यतेने ठरते, भरतीही राज्याच्या पद्धतीने होते. शिक्षक जिल्हा परिषदेचा म्हटला जातो खरा, पण त्याच्या पगाराच्या पैशाबद्दल जिल्हा परिषदेला ठरवण्याजोगे जवळजवळ काही नसते. स्वतः ठरवता येईल असा पैसा म्हणजे शेतसाऱ्यावरचा उपकर वगैरेतून येणारा स्वनिधी, ज्याला बोलीत ‘सेस फंड’ म्हणतात. त्या लहानशा फंडासाठी सदस्य एवढे का भांडतात, हे यावरून समजेल. खर्च करणारी संस्था आणि खर्च ठरवणारी संस्था एकच असते असे आपण गृहीत धरतो. इथे तसे नाही.

मग गावाचे स्वतःचे उत्पन्न किती? रिझर्व्ह बँकेने पंचायतींच्या जमाखर्चाचा एक अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध केला. त्यानुसार २०२२-२३ मध्ये दर पंचायतीमागे सरासरी स्वतःच्या करांतून २१ हजार रुपये आणि इतर स्थानिक उत्पन्नातून ७३ हजार रुपये जमा झाले. केंद्राकडून आले सुमारे १७ लाख आणि राज्याकडून सव्वातीन लाख. म्हणजे शंभर रुपयांत गावाच्या स्वतःच्या कराचा एक रुपया. ही साऱ्या देशाची सरासरी आहे आणि सरासरीत कारखान्यांचे गाव आणि पाड्यांचे गाव एकत्र ढवळले जातात, हे विसरू नये. तरीही दिशा स्पष्ट आहे.

महाराष्ट्रात ग्रामपंचायतीला घरपट्टी, दिवाबत्ती कर, पाणीपट्टी वगैरे बसवण्याचा अधिकार १९५८ च्या कायद्याच्या कलम १२४ ने दिलेला आहे; किमान आणि कमाल दर राज्य ठरवते. तरी वसुली दुबळी राहते. सरपंचाला शेजाऱ्याच्या दारात पावती घेऊन जायचे असते आणि पाच वर्षांनी त्याच्याच दारात मत मागायला. त्यापेक्षा अनुदानाची वाट पाहणे सोपे. अनुदान थोडे वाढले की वसुलीचा नेट आणखी कमी होतो, ही अडचण बऱ्याच देशांत आढळलेली आहे. चौदाव्या आयोगाने त्यावर एक तोडगा काढला होता : ग्रामपंचायतींच्या अनुदानातला १० टक्के भाग कामगिरीवर, आणि कामगिरीच्या कसोट्या म्हणजे तपासलेले हिशेब व स्वतःच्या उत्पन्नातली वाढ. आम्हांला हा विचार पटतो. ज्याने दोनशे रुपये घरपट्टी भरली तो ग्रामसभेत उभा राहून दिवा का लागत नाही असे विचारतो. अनुदानाचे सतरा लाख कोठे गेले, हे विचारणारे मात्र कमी. त्या पैशाची पावती कोणाच्याच घरात नसते.

शहरांचा कर गेला तो निराळ्या वाटेने. जकात हा महापालिकांचा भक्कम आधार होता. मुंबईत ती ३० जून २०१७ पर्यंत वसूल होत होती. दहिसर, मुलुंडच्या नाक्यांवर मालमोटारींच्या रांगा लागत, वेळ आणि इंधन जळे. कर म्हणून जकात वाईटच होती. वस्तू व सेवा कर आल्यावर ती गेली आणि राज्याने कायदा करून महापालिकांना भरपाई देण्याचे ठरवले, दरवर्षी ८ टक्के चक्रवाढीने. ८ टक्क्यांनी रक्कम साधारण नऊ वर्षांत दुप्पट होते, हे विद्यार्थ्यांना करून पाहता येईल. रक्कम बुडाली नाही. पण शहर आपला कर आपण ठरवत होते ते संपले आणि त्या जागी दरमहा राज्याकडून येणारा हप्ता आला.

राहता राहिल्या अटी, आणि आमच्या दृष्टीने सर्वांत गंभीर प्रश्न तिथेच आहे. पंधराव्या आयोगाचे अनुदान निवडून आलेल्या संस्थेलाच मिळत होते. राज्याने राज्य वित्त आयोग नेमून त्याच्या अहवालावरील कार्यवाही मार्च २०२४ पर्यंत विधिमंडळापुढे ठेवली नाही तर पुढचे अनुदान थांबवावे, अशीही अट होती. दोन्ही अटींचा हेतू उत्तम. राज्ये निवडणुका लांबवतात, आयोग नेमत नाहीत. त्यांना टाचणी लावल्याशिवाय हलवता येत नाही. पण टाचणी टोचते कोणाला? महाराष्ट्रात मार्च २०२२ मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली. आरक्षणाचा वाद न्यायालयात अडकला आणि निवडणुका घेण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश मे २०२५ मध्ये आला. मधली तीन वर्षे कारभार प्रशासकांच्या हाती होता. निवडून आलेले मंडळ नाही म्हणून अनुदान अडते तेव्हा चूक राज्य पातळीवरची असते आणि हातपंप नादुरुस्त राहतो तो वाडीवरचा. ज्याने वेळेवर निवडणूक मागितली असती, त्याच मतदाराचे पाणी बंद होते. पैसा खाली पोहोचवण्यातल्या दिरंगाईबद्दल आयोगाने अधिक चांगला मार्ग शोधला होता. केंद्राकडून रक्कम आल्यावर दहा कामकाजी दिवसांत ती स्थानिक संस्थांना न दिल्यास राज्याने तिच्यावर व्याज द्यायचे. इथे दंड चूक करणारालाच बसतो आणि गावाला उलट थोडे जास्तच मिळते. निवडणुकांच्या बाबतीतही अनुदान वेगळ्या खात्यात जमा ठेवून राज्यावर व्याज चढवता आले असते, असे आम्हांला वाटते.

ज्यांना हा विषय वर्गात न्यायचा असेल त्यांना साहित्य गावातच मिळेल. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये प्रत्येक घराची कर-आकारणी असते. ग्रामपंचायत विकास आराखडा आणि त्यावरचा खर्च केंद्राच्या ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर गावाच्या नावाने पाहता येतो. मुलांनी दोन रकाने करावेत : गावाने स्वतः गोळा केलेली रक्कम एका बाजूला, वरून आलेली दुसऱ्या बाजूला, आणि वरून आलेल्या प्रत्येक रकमेपुढे बंधित की अबंधित ते लिहावे. बेरीज जुळली नाही तर ग्रामसेवकांना विचारावे. ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास होतात, आणि श्रोता म्हणून मागे बसायला विद्यार्थ्यांना कोणी अडवत नाही.